खटका, गोळ्याचा बर्फ आणि फॉर्म १८-ए

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री दीड वाजता मी ‘एकट्या माणसाने पेटंटचा अर्ज कसा भरायचा’ हे मराठीत शोधत बसले होते. जे सापडलं ते एकतर परीक्षेच्या नोट्ससारखं होतं, नाहीतर ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ इथे संपत होतं. त्या रात्री मला जे वाचायला हवं होतं, ते आता लिहून ठेवते. पेटंट मार्च २०२५ मध्ये मिळालं. वस्तू आहे स्नोबोर्डचं बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला अडकवायची यंत्रणा. भांडुपमध्ये बसून बर्फाची वस्तू. हो, हसून घ्या. आमची अख्खी सोसायटी हसून झाली आहे.

मी प्लास्टिकच्या मोल्डचं डिझाइन करते. वीस वर्षं तेच. खेळाबिळाशी संबंध शून्य. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवरा, लेक आणि मी गुलमर्गला गेलो, लेकीने हट्ट धरला म्हणून तिच्यासोबत मीही स्नोबोर्डच्या शिकवणीला उभी राहिले. वय चाळीस, गुडघे त्याहून थोडे मोठे.

स्नोबोर्डला दोन्ही पाय आडवे जखडलेले असतात. प्रत्येक पायाला दोन पट्टे, एक घोट्यावर, एक बोटांवर, आणि दोन्ही दातेरी पट्टीने कट्‌कट् करत आवळायचे. नवशिक्यांच्या उतारावर दोरीची लिफ्ट असते. ती धरताना मागचा पाय मोकळा हवा, वर पोचलं की पुन्हा जखडायचा. म्हणजे प्रत्येक फेरीला बर्फात बसा, जाड हातमोजे काढा, पट्ट्याच्या दातांतला बर्फ नखाने खरवडा, आवळा, उठा. दिवसाला वीस फेऱ्या धरल्या तर वीस बैठका. सकाळी अकरापर्यंत माझी पँट मागून ओली आणि बोटं लाकडासारखी. शिकवणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, बोर्ड बाद में, पहले बैठना सीखो.”

हे सगळं चाललं असतं. पण चौथ्या दिवशी मी वाटेच्या कडेच्या भुसभुशीत बर्फात पडले. डोकं उताराच्या दिशेने खाली, पाय वर, आणि बोर्ड बर्फात नांगरासारखा रुतलेला. पट्ट्यांपर्यंत हात पोचेना. पोट आवळून वर यायला बघितलं की आणखी रुतायचे. त्या पोराने येऊन सोडवेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढ्यात कानात बर्फ गेला आणि एक विचार डोक्यात गेला: अडकवायला सोपं करण्याच्या मागे सगळे असतात, पण पालथ्या पडलेल्या माणसाने हे सोडवायचं कसं?

मुंबईला परतल्यावर मी वाचायला लागले. स्नोबोर्डचा पूर्वज म्हणजे १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी बनवलेला ‘स्नर्फर’. त्याला बाइंडिंग नव्हतंच, पुढे फक्त धरायला दोरी. पट्टे नंतर आले. नव्वदच्या दशकात ‘स्टेप-इन’ची लाट आली: बुटाच्या तळाला धातूचा तुकडा, बोर्डवर पाय ठेवला की खट्‌कन बसायचा. पण तळाखाली बर्फ दबून बसला की तो खट् आवाज यायचाच नाही, आणि लाट ओसरली. २०१७ मध्ये बर्टन कंपनीने ‘स्टेप ऑन’ आणलं. त्यात बूट तळाखाली न धरता पुढे बोटांच्या दोन बाजूंना आणि मागे टाचेला असा तीन ठिकाणी धरतात. उत्तम चीज, पण बूटही त्यांचाच लागतो. गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानात पन्नास पायांत गेलेला जो बूट मिळतो, त्याचं काय?

तेव्हा मी वहीत अटी लिहिल्या. कुठल्याही भाड्याच्या बुटावर बसलं पाहिजे. फक्त मागच्या पायासाठी. पुढचा पाय नेहमीच्या पट्ट्यांत राहू दे, म्हणजे बोर्ड एकटा घरंगळत जाणार नाही. हातमोजा न काढता, कुठल्याही अवस्थेत, एका हाताने सुटलं पाहिजे. आणि आपोआप मात्र अजिबात सुटता कामा नये. ही शेवटची अट अनेकांना उलटी वाटते. स्कीचं बाइंडिंग पडताना आपोआप सुटतं, सुटायलाच हवं, कारण प्रत्येक पायाला वेगळी लांब पट्टी असते आणि ती पाय पिळते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर असल्याने गुडघे एकमेकांना सांभाळतात. पडताना एकच पाय सुटला तर फळीचा सगळा पीळ दुसऱ्या गुडघ्यावर येतो. त्यामुळे सुटणं हे नेहमी माणसाच्या हाताने, जाणूनबुजून व्हायला हवं.

कल्पना साधी होती. गिर्यारोहक बुटाला काटेरी क्रॅम्पॉन बांधतात तशी एक पातळ चौकट सकाळी एकदाच बुटाला बांधायची. बोर्डवर दुसरी प्लेट, बोर्डमधल्या चार सेंटिमीटर अंतरावरच्या भोकांत एम-६ स्क्रूंनी पक्की. चौकटीचं पुढचं नाक प्लेटच्या आडव्या दांड्याखाली सरकवायचं, टाच दाबायची, स्प्रिंगचा खटका बसतो. सोडायला पोटरीपर्यंत आलेली दोरी, तिला मोठी कडी.

मार्च २०२२ मध्ये हे कागदावर घेऊन मी आमच्याच स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. चालवणारे काका मालवणचे, सत्तरीच्या घरातले, आयुष्य डाय-फिटिंगमध्ये गेलेलं. ऑफिसचे छोटे जॉब मी त्यांच्याकडे द्यायची, म्हणून ओळख. कागद उलटा-सुलटा करून म्हणाले, “ह्या काय गो? दाराची कडी?” मी म्हटलं, “हो काका, पायाच्या दाराची.” पहिला नमुना थ्रीडी प्रिंटचा, अडीच हजार रुपयांचा, तो टाच दाबताच मोडला. दुसरा अॅल्युमिनियमच्या चौकटीचा, खटका ईएन-८ या साध्या स्टीलचा. तो एप्रिलमध्ये सुरेख चालला आणि जुलैत गंजून जाम झाला. भांडुपचा जुलै. मग खटका एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचा. तो गंजेना, पण पन्नासेक वेळा आपटल्यावर त्याची कड चेपली. शेवटी एसएस ४२० हे स्टेनलेस स्टील, हार्डनिंग करून, म्हणजे तापवून कडक करून. स्प्रिंगसाठी नागदेवीला, मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात, तीन फेऱ्या झाल्या. तिथे एक सांगते: दुकानात ‘अशी स्प्रिंग द्या’ म्हणून नमुना दाखवू नका. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि वेटोळी हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. पहिल्या फेरीला मी बोटांनी खुणा करून तीनशे रुपयांच्या बिनकामाच्या स्प्रिंगा आणल्या होत्या.

सगळ्यात जास्त ज्याने रडवलं ते मात्र तापमान. खटका ज्या खाचेत सरकतो तिथे मी अॅसिटल या प्लास्टिकचा साठ मिलिमीटर लांबीचा सरकता ठोकळा ठेवला होता. आधी नायलॉनचा विचार होता. पण साधं नायलॉन-६ पाण्यात पडून राहिलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पितं आणि फुगतं, आणि मुंबईच्या हवेला पाण्यात बुडवायचीही गरज नाही. अॅसिटल पाणी फारसं पीत नाही. म्हणून मी खूश. काकांनी ठोकळा अगदी मख्खन बसवला, बोटाने ढकलला तरी हलका, आणि प्ले, म्हणजे खुळखुळ, म्हणाल तर नाही. मग मी हिशेब केला. मुंबईत ३२ अंश, गुलमर्गला उणे १५. फरक ४७ अंशांचा. अॅसिटल अॅल्युमिनियमच्या साधारण पाचपट आकसतं. साठ मिलिमीटरचा ठोकळा तिथे तीन दशांश मिलिमीटर लहान होणार, भोवतालचं अॅल्युमिनियम जेमतेम सहा-सात शतांश. म्हणजे भांडुपमधलं मख्खन फिटिंग गुलमर्गला पाव मिलिमीटर खुळखुळणार. मोल्डच्या धंद्यात आम्ही आकसण्याचा हिशेब रोज करतो, पण तो मोल्डमधून भाग बाहेर पडेपर्यंत. तो भाग पुढे कुठल्या हवेत जगणार, हे ग्राहक बघतो. इथे ग्राहक मीच होते. शेवटी ठोकळ्याची लांबी वीस मिलिमीटरवर आणली आणि मोजमाप ‘इथे घट्ट, तिथे बरोबर’ असं धरलं. काकांना हे पटायला दोन दिवस लागले. मुद्दाम घट्ट काम करून देणं त्यांना अपमान वाटत होता.

आता बर्फ कुठून आणायचा? ओळखीच्या एका आइस्क्रीम वितरकाकडे मोठा डीप फ्रीझर होता, उणे १८ ला चालणारा. रविवारी दुपारी दोन तास, बदल्यात त्यांच्या पोराला गणित. फ्रीझरचा बर्फ टणक, लादीचा. हिमवर्षावासारखा भुगा हवा होता, तो मिळाला गोळेवाल्याकडे. तीस रुपयांत डबाभर किसलेला बर्फ, आणि “सरबत नको?” हा प्रश्न दरवेळी. तो भुगा चौकटीखाली थापायचा, फ्रीझरमध्ये वीस मिनिटं ठेवायचं, मग पाय ठेवून दाबायचं. पहिल्या पन्नास प्रयत्नांत खटका फक्त एकोणीस वेळा पूर्ण बसला. बाकीच्या वेळी वरवर बसल्यासारखा वाटायचा, आणि तेच जास्त भयंकर. नव्वदच्या दशकातला रोग भांडुपमध्ये जसाच्या तसा.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी गोळेवाल्यासमोर उभी होते. त्याच्याकडे जुना लाकडी रंधा आहे, पातं वर तोंड करून बसवलेलं, लादी त्यावरून घासली की भुगा खालच्या वाटीत. मी सहज विचारलं, “भुगा फटीत अडकत नाही का?” त्याने रंधा उलटा करून दाखवला. पात्यापाशी फट अगदी बारीक, आणि खाली ती नरसाळ्याच्या उलट, रुंद होत गेलेली. एकदा कडेपलीकडे गेलेल्या भुग्याला धरायला काही नाहीच. “सीधा छेद होता तो जाम हो जाता,” तो म्हणाला. माझी खाच सरळ होती.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले. खाच खालून रुंद करायची आणि खटक्याच्या खालच्या कडेला रंध्याच्या पात्यासारखी धार ठेवायची, म्हणजे बसता बसता तोच बर्फ खरवडून खाली ढकलेल. धार सरळ ठेवली तर बर्फात ठोकल्यासारखी अडेल, तिरकी ठेव, भाजी चिरतेस तशी, हे काकांचं. वायर-कटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, ते करून घ्यायला चौदाशे रुपये लागले. पुढच्या पन्नासांत अठ्ठेचाळीस. दोन वेळा बसला नाही तेव्हा तो बसला नाही हे उघड दिसत होतं, कारण मी खटक्याच्या शेपटीला लाल रंग लावला होता. पूर्ण बसला की लाल झाकला जातो.

इथून कागदांची गोष्ट सुरू होते.

पहिलं म्हणजे माझ्या नोकरीच्या करारात एक कलम होतं की नोकरीत असताना केलेले शोध कंपनीचे. तुमच्याही करारात असेल, काढून वाचा. वस्तूचा कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही, काम घरच्या वेळेत, स्वतःच्या पैशाने केलं, असं लिहून ना-हरकत पत्र मागितलं. पाच आठवडे गेले. एचआरच्या मुलीला बाइंडिंग म्हणजे पुस्तकाचं वाटलं होतं.

त्या पाच आठवड्यांत आधीचे शोध धुंडाळले. पेटंटांना वर्गाचे क्रमांक असतात. स्नोबोर्ड बाइंडिंगचा वर्ग ए६३सी १०/००. हा क्रमांक कळण्याआधी मी शब्दांनी शोधत होते आणि स्की, रोलर स्केट, सायकलचं पेडल असं काहीही हाती लागत होतं. क्रमांक टाकल्यावर खरा खजिना उघडला, आणि तोंड उतरलं. नाक आणि टाच, होतं. बुटाला बांधायची चौकट, होती. दोरीने सोडायचा खटका, तोही होता. तीन रात्री मला वाटत होतं की सोडून द्यावं. मग लक्षात आलं की खालून रुंद होणारी खाच आणि खरवडणारी तिरकी धार, ही जोडी कुठे दिसत नाहीये.

एका पेटंट एजंटने सगळ्या कामाचे पंचेचाळीस हजार सांगितले. मी अर्ज स्वतः भरायचा आणि फक्त क्लेम्स, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर आपला हक्क आहे हे सांगणारे मुद्दे, त्यांच्याकडून तपासून घ्यायचे ठरवलं, बारा हजारांत. हे बारा हजार वाचवू नका.

२१ नोव्हेंबर २०२२ ला प्रोव्हिजनल अर्ज केला. म्हणजे कच्चं वर्णन देऊन तारीख पकडून ठेवायची. पूर्ण वर्णन बारा महिन्यांच्या आत द्यावंच लागतं, एक दिवस उशीर झाला तर अर्ज बाद. प्रोव्हिजनलमध्ये क्लेम्स लागत नाहीत. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ वर्णनाचा. फॉर्म ३ परदेशातल्या अर्जांबद्दल, तो परदेशात काही करणार नसलात तरी भरायचा. एकट्या माणसाला ऑनलाइन फी १,६०० रुपये. कागदावर नेऊन दिलं तर साधारण दहा टक्के जास्त. ऑनलाइनला क्लास-३ डिजिटल सही लागते, पेन ड्राइव्हसारख्या टोकनवर येते. मला १,८०० रुपये पडले आणि दोन वेळा व्हिडिओ पडताळणी द्यावी लागली, कारण मी फॉर्मवर माहेरचं नाव लिहिलं होतं आणि आधारवर सासरचं आहे. आधी सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का ते बघा. कागदाच्या वर आणि डावीकडे चार-चार सेंटिमीटर समास सोडायचा असतो, हे मला चौदा पानं बनवून झाल्यावर कळलं.

काकांचं नाव शोधकर्ता म्हणून घालायचं मी ठरवलं होतं. तिरकी धार त्यांची. अर्जदार मी एकटी, शोधकर्ते दोघं. त्यांनी हात झटकले. “माका नको गो, उद्या जीएसटीवालो दारात इलो तर?” त्यांना समजवायला एक रविवार गेला. शोधकर्ता अर्जदार नसेल तर त्याने फॉर्म १ वर, शोधाचा हक्क अर्जदाराला दिला आहे, अशी सही करायची असते. त्यांनी ती चष्मा लावून, सगळं वाचून, शाईच्या पेनाने केली. ती मूळ प्रत मी स्वतः अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात नेऊन दिली. कुर्ल्याला गाडी बदलून वडाळ्याला उतरले, पुढे टॅक्सी. इतके दिवस ‘पेटंट ऑफिस’ म्हणताना डोळ्यांपुढे काहीतरी भव्य यायचं. प्रत्यक्षात खिडकी, पोचपावती, शिक्का, दहा मिनिटांत काम. बाहेर येऊन वडापाव खाल्ला. पोटात दोन दिवसांपासून असलेला गोळा तिथे विरला.

एक महत्त्वाचं. अर्जाच्या आधी वस्तू जगासमोर आली तर नवेपणा जातो. पुतण्याने ऑगस्टमध्येच फ्रीझरचा व्हिडिओ काढून रील टाकायची तयारी केली होती, मी फोनच काढून घेतला. गुलमर्गला उघड्यावर वापरणंही म्हणूनच अर्जानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये.

मुंबई विमानतळावर सामानाच्या तपासणीत बॅग उघडायला लावली. “ये क्या है?” मी म्हटलं, “जूते का कुंडा.” त्याने दोरी ओढली, खटका उघडला, त्याने पुन्हा दाबला, पुन्हा ओढली. तीन वेळा. मग बॅग सोडली.

गुलमर्गला पहिल्या सकाळी माझीच चूक नडली. माझी मागची प्लेट नेहमीच्या बाइंडिंगपेक्षा नऊ मिलिमीटर उंच होती, म्हणून पुढच्या बाइंडिंगखाली तेवढ्याच जाडीचा तुकडा घालून लांब स्क्रू लावायचे होते. मोजून पंचवीस मिलिमीटरचे हवे होते. नागदेवीहून आणलेल्या पुडीत तीसचे निघाले, आणि मी “चालेल” म्हटलं. जास्तीच्या पाच मिलिमीटरनी बोर्डचा तळ आतून दाबला आणि खाली चार फोड उठले. भाड्याचा बोर्ड. चार हजार रुपये भरले. पंचवीसचे स्क्रू श्रीनगरहून दुसऱ्या दिवशी आले.

पण नंतरचे पाच दिवस! गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, आणि खालच्या दोरीच्या लिफ्टवर मी एकूण ११८ वेळा अडकवलं-सोडलं, वहीत रेघा मारत. ११८ पैकी सात वेळा पहिल्या दाबाला बसलं नाही, टाच एकदा आपटल्यावर बसलं. मुद्दाम पालथी पडून, डोकं खाली करून दोरी ओढली. सुटलं. तोच शिकवणारा मुलगा बघत होता. तो म्हणाला की दोरीची कडी उजवीकडे आहे, डावखुऱ्याचं काय? ते खरंच सुचलं नव्हतं. कडी बदलता येईल अशी केली.

पूर्ण वर्णन ६ नोव्हेंबर २०२३ ला दिलं, मुदतीच्या पंधरा दिवस आधी. प्रोव्हिजनलनंतर त्याची वेगळी फी नाही, मात्र तीस पानं आणि दहा क्लेम्सच्या पुढे गेलात तर पानामागे, क्लेममागे पैसे लागतात. मी चोवीस पानं आणि नऊ क्लेम्समध्ये बसवलं. आकृत्या काळ्या रेघांच्या, प्रत्येक भागाला क्रमांक, सावल्या-रंग काही नाही. सारांश दीडशे शब्दांच्या आत. सोबत फॉर्म ५, शोधकर्ते कोण हे सांगणारा.

आणि फॉर्म १८-ए. अर्ज तपासायला घ्या, अशी विनंती वेगळी करावी लागते. साधी विनंती फॉर्म १८, फी ४,०००. पण अर्जदार स्त्री असेल, किंवा सगळे अर्जदार एकेकटी माणसं असून त्यांत एक तरी स्त्री असेल, तर जलद तपासणीची विनंती करता येते, ती फॉर्म १८-ए वर, फी ८,०००. ही सोय २०१९ पासून आहे आणि मी ज्या ज्या मैत्रिणींना सांगितलं त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हती. सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९, फी २,५००, नाहीतर अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मी आधारची प्रत जोडली. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी येतं. डिसेंबरमधल्या एका शुक्रवारी त्यात माझं आणि काकांचं नाव दिसलं.

जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेला नमुना घेऊन दहा दिवसांच्या रजेवर पुन्हा गुलमर्गला गेले, आणि तिथे बर्फच नाही! त्या वर्षी जानेवारीचा बराचसा काळ ते मैदान तपकिरी गवताचं होतं. घोडेवाले उन्हात बसलेले. मी रोज सकाळी खिडकी उघडून आकाशाकडे बघायचे. हिमवर्षाव झाला तो महिन्याच्या अखेरीस, मी भांडुपला परत आल्यावर. एवढा खर्च, एवढी रजा. त्या महिन्यात मी या विषयावर घरात कुणाशी बोलले नाही.

एप्रिलच्या मध्यावर पहिला तपासणी अहवाल आला. तो उघडताना हात कापत होते, आणि वाचल्यावर वाटलं संपलं. तीन जुनी पेटंटं दाखवून म्हटलं होतं की पहिल्या क्लेममध्ये नवं काही नाही, आणि बाकीचे या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचतील असे. एजंट फोनवर हसले. म्हणाले, “ताई, असा अहवाल सगळ्यांनाच येतो. ही नामंजुरी नाही, बोलणी सुरू झालीत.” उत्तराला सहा महिने असतात. मी चार घेतले. पहिला क्लेम फार ऐसपैस लिहिला होता: चौकट, प्लेट, खटका, दोरी. तो सोडून दिला आणि चौथ्या क्लेममधली रुंदावणारी खाच आणि तिरकी धार वर पहिल्यात आणली. सोडताना वाईट वाटलं. ‘माझं बाइंडिंग’ म्हणता म्हणता उरलं होतं एका खाचेच्या उताराएवढं.

सुनावणी डिसेंबर २०२४ मध्ये व्हिडिओवर झाली, पंचवीस मिनिटं. अधिकाऱ्यांनी विचारलं की खाच रुंद केल्याने बर्फ पडतो हे तर कुणालाही सुचेल, त्यात शोध काय? मी फ्रीझरचे आकडे सांगितले: फक्त रुंद खाच, पन्नासात एकतीस, फक्त तिरकी धार, अठ्ठावीस, दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस. हे वेगवेगळं मोजायचा आग्रह काकांचा होता, मला तेव्हा कटकट वाटली होती. लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं असतं, ते बाराव्या दिवशी दिलं.

मार्च २०२५ मध्ये ईमेल आली. प्रमाणपत्र पीडीएफमध्ये असतं, घरी काही येत नाही. मी स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रत काढली, वीस रुपये, आणि काकांकडे नेली. त्यांनी स्वतःचं नाव दोनदा वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि लेथजवळच्या गणपतीच्या फोटोमागे खोचून ठेवलं, तेल लागू नये म्हणून.

पैशांचं विचाराल तर सरकारी फी तिसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाचे ८०० धरून १२,९००. हे ८०० पेटंट मिळाल्यावर तीन महिन्यांत भरायचे होते, ईमेलच्या आनंदात विसरू नका. वर्कशॉप, माल आणि प्रिंट मिळून ८६ हजारांच्या आसपास. गुलमर्गच्या सहली मी या हिशेबात धरत नाही, नवरा धरतो. पेटंट फक्त भारतापुरतं आहे. परदेशात करायचं तर पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत हालचाल करावी लागते आणि खर्च लाखांत जातो, ते मी केलं नाही. भारतात स्नोबोर्ड करणारे किती, त्यातले बाइंडिंग विकत घेणारे किती, हा हिशेब मी मुद्दाम अजून केलेला नाही.

जगात अशी तीन जोडकामं आहेत. एक घरी, एक वर्कशॉपमध्ये, एक त्या शिकवणाऱ्या मुलाकडे. परवा त्याचा फोटो आला: दोरी कडीपाशी घासून अर्धी तुटली आहे. दोरी ओल्याने गोठते, गोठून ताठ होते आणि एकाच जागी वाकते. उद्या शनिवार, सकाळी लवकर नागदेवी. या वेळी व्यास, लांबी आणि विणीचा प्रकार चिठ्ठीवर लिहून घेतला आहे.